उजव्या कानातली ताई

घशाची गोळी जिभेखाली अजून पुरती विरघळली नव्हती, तिची झिजून धारदार झालेली कड टाळूला लागत होती, आणि बाथरूममधला नळ मोठा सोडून, बेसिनचा काठ दोन्ही हातांनी धरून ती हळूच म्हणाली, "घाबरू नकोस." — 'घा' आलाच नाही. नुसती हवा आली. उरलेला शब्द, कुणी जड कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा घासत बाहेर पडला, आणि ती आरशात न बघता परत म्हणाली, थोडं वरच्या पट्टीत, तर या वेळी आवाज मधोमध फाटला.

"अगं, टाकी रिकामी करतेस का आज?" नवऱ्यानं बाहेरून दार वाजवलं.

तिनं नळ बंद केला. ती बाहेर आली तेव्हा तो बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघताच म्हणाला, "स्टुडिओवाल्यांना कळवलंयस ना सगळं? आवाजाचं?"

"हो."

एका अक्षरात खोटं बोलणं सोपं असतं. एका अक्षरात आवाजही फारसा कळत नाही — चार वर्षांत ती हे शिकली होती. हो, ना, हं, ये. गळ्यातली गाठ काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं, जीव वाचला ना, मग झालं तर. तिनंही म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं... पण दुकानात ती सूचना देणारी बाई होती. चार मजली दुकान, आणि चारही मजल्यांवर तिचा आवाज — 'कृपया लक्ष द्या, हरवलेला एक लहान मुलगा चौकशी खिडकीपाशी आहे...' बायका खरेदी थांबवून वर बघायच्या, जणू आवाज छतात राहत होता. मग साहेबांनी तिला तळघरातल्या गोदामात नेमलं, लेबलं तपासायला. "तिथं बोलावं लागत नाही," ते म्हणाले होते, आणि बक्षीस दिल्यासारखे हसले होते.

सुट्टी टाकली होती आज. गोदामातही कारण सांगितलं नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तिनं पर्समधला कागद काढला, पुन्हा घातला. वाक्यं पाठच होती. पाठ नसण्याचा प्रश्नच नव्हता —

वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजातल्या चौघांनी मिळून एक व्हिडिओ गेम केला होता, त्यातली शेवटच्या खोलीतली ती वाक्यं. गेममध्ये पडदा जवळजवळ काळाच. घरातले दिवे गेलेले, खेळणारा म्हणजे धाकटा भाऊ, आणि पुढे कुठेतरी अंधारात त्याची ताई, हाका मारणारी. डाव्या कानात आवाज आला की डावीकडे वळायचं, उजव्या कानात आला की उजवीकडे. ताई म्हणजे ती. तेव्हा लोकांकडे कॉम्प्युटरला असायचा एकच डबडा स्पीकर. त्यातून ताई सगळीकडूनच बोलायची, म्हणजे कुठूनच नाही. लोक भिंतींवर आपटले, वैतागले, म्हणाले, दिसत काहीच नाही, खेळायचं काय, कपाळ? आणि गेम विसरला गेला. इतका, की तीसुद्धा विसरली होती. मग महिन्यापूर्वी लंबूचा ईमेल आला. गेम मुळात त्याच्याच डोक्यातून निघालेला. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. त्यानं लिहिलं होतं — आता ज्याच्या त्याच्या कानात हेडफोन आहेत, हा गेम आत्ता जन्मायला हवा होता, आपण तो पुन्हा आणतोय; फक्त शेवटची खोली तेवढी तुझ्या आवाजात पूर्ण करू या.

कारण शेवटच्या खोलीत ताई बोलतच नव्हती. तेव्हा, रेकॉर्डिंगच्या दिवशी, दुपारभर ती माइकसमोर उभी राहून ती वाक्यं म्हणत होती, आणि काचेपलीकडे लंबू मान हलवत होता. काहीतरी कमी पडतंय. पुन्हा. अजून एकदा. मग स्टुडिओची वेळ संपली, आणि गेम तसाच गेला. तिथवर पोचलेले थोडेफार लोक अंधारात नुसते उभे राहिले, त्यांना वाटलं, मशीन बंद पडलं.

आणि लेक! काल संध्याकाळी लंबूनं पाठवलेला नमुना तिनं लेकीला खेळायला दिला. पोरगी कानांवर हेडफोन लावून, डोळे मिटून, खुर्चीत बसल्या बसल्या मान वळवत होती, इकडे, तिकडे, मग एकदम म्हणाली, "आई, कसला गोड आवाज आहे गं हिचा! कोण आहे ही?" मुलगी लहान होती ऑपरेशन झालं तेव्हा. आधीचा आवाज तिला आठवत नव्हता, की आठवत असूनही जुळत नव्हता... "असेल कुणीतरी," ती म्हणाली होती. का म्हणाले मी तसं? मी आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी आहे असं या आवाजात म्हणायचं, आणि मग पोरीच्या चेहऱ्यावर ते उमटायचं — आधी हसू, मग शंका, मग ती कीव, जी सगळ्यांच्याच चेहऱ्यावर...

तिचा थांबा गेला होता. ती उठली, पुढच्या थांब्यावर उतरली, आणि तेवढं अंतर मागे चालत आली.

स्टुडिओ गालिच्यांच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात लोकरीचा आणि गोंदाचा वास भरून राहिलेला. वरच्या पायरीवर ती थांबली. परत जाता येईल. घसा धरलाय म्हणून कळवता येईल, म्हणजे आठवडाभराची सोय. मग पुन्हा धरलाय...

दार लंबूनंच उघडलं. पिकला होता, खांद्यात वाकला होता. "अगं, ये ये! अजिबात बदलली नाहीस," तो म्हणाला, आणि ती हसली, मान हलवली. त्याला बोलायची घाई होती, हे तिच्या पथ्यावर पडलं. कोण कोण मदतीला आलं, कोणत्या महिन्यात गेम बाहेर पडणार, जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर कशी काढली — तो बोलत राहिला आणि ती एकेका शब्दात उत्तरं देत राहिली. बरं. हो. छान. ध्वनिमुद्रणाचं काम करणारी मुलगी काचेपलीकडे बसली होती; तिनं तिला आत नेलं, माइक खाली घेतला, हेडफोन दिले.

"ताई, आधी जुनं थोडं ऐकवते. म्हणजे पट्टी धरता येईल."

मग उजव्या कानात ती आली.

'इकडे... भिंतीला हात लाव. लागला? आता हळूहळू ये. मी आहे.'

केवढा स्वच्छ आवाज! पाण्यासारखा, म्हणायचे लोक. तिनं डोळे मिटले. द्वेष करता येत असता तर तिनं त्या जुन्या आवाजातल्या मुलीचा केला असता. 'मी आहे' किती सहज म्हणते बघा, जणू कायम असणारच आहे... आणि तेवढ्यात तिला काहीतरी ऐकू आलं. 'आहे'च्या शेवटी एक बारीक थरथर. पुढच्या वाक्यातही. त्याच्या पुढच्याही. मुलगी घाबरली होती. लंबूला, काचेला, घरी न सांगता आल्याला, आपण चुकू याला. वीस वर्षं ज्याला सगळे गोडवा म्हणत आले, ते हे होतं... ही स्वतः लटपटणारी पोर अंधारात एका मुलाला घाबरू नकोस म्हणून सांगत होती, आणि शेवटच्या खोलीत, जिथे सांगण्यापलीकडे काही उरलं नव्हतं, तिथे ते उघडं पडलं होतं. लंबूला नक्की काय खटकलं ते त्याला सांगता आलं नव्हतं इतकंच.

"घेऊ या?" लंबूचा आवाज.

तिनं श्वास घेतला.

"घाबरू नकोस. दार तुझ्यासमोरच आहे. आता मी येणार नाही. तू जा."

 काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीनं बोलायचं बटण दाबलं. "ताई, पाणी देऊ का? घशात काहीतरी..."

"नको. हाच आवाज आहे. चार वर्षं झाली." मोठ्यानं, पूर्ण वाक्यात. हेडफोनमधून तिला तो स्वतःलाच पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकू आला.

लंबू आत आला. दार लोटून घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. "सांगायचं ना मला. एक ओळ लिहायची फक्त. मी सगळ्यांना तुझ्या नावावर..." तो थांबला. "आता काय करू मी? लोक म्हणतील ही ती नव्हेच. शेवटच्या खोलीत दुसरीच बाई कुठून आली?"

त्याचं बरोबर होतं. माफी मागायला तिनं तोंड उघडलं होतं, आणि निघालं भलतंच.

"एवढ्या अंधारात इतका वेळ हाका मारत चालल्यावर कुणाचाही आवाज बसेल की रे."

लंबू हसला नाही. मग डोकं खाजवत, तिच्याकडे नव्हे, माइककडे बघत म्हणाला, "शेवटचं वाक्य परत घे. 'तू जा.' सावकाश."

तो काचेपलीकडे गेला, आणि तिनं घेतलं. त्यानं पुन्हा मागितलं. पुन्हा घेतलं, एकदा 'जा' हवेतच विरलं आणि त्यानं मान हलवली, ते हलवणं होकाराचं की नकाराचं हे तिला काचेतून कळलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं हेडफोन काढून ठेवले.

"मी आत्ता काहीच सांगत नाही," तो म्हणाला. "एक मुलगी आहे, अगदी तुझ्यासारखा... म्हणजे, तुझ्या तेव्हाच्यासारखा आवाज. तिलाही ऐकलंय मी. दोन्ही लावून बघतो. कळवतो."

"बरं," ती म्हणाली. मग वाटलं, एवढंच पुरे नाही. "पण बघताना डोळे मिटून बघ."

खाली गालिच्यांच्या दुकानासमोर दोन माणसं गुंडाळलेला एक लांबलचक गालिचा गाडीत चढवत होती. तिला वाट नव्हती म्हणून ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. छातीत अजून धडधडत होतं. नाही म्हणेल, नाहीच म्हणेल, त्या मुलीला घेईल — सकाळपासून हीच धडधड होती, ओळखीची. तिच्यासाठी मनात जागा करून ठेवलेली, नाही म्हटलं की तिथे जाऊन बसायचं, एवढं सोपं. पण आता त्यात दुसरंच काहीतरी मिसळलं होतं. तो हो म्हणाला तर... ओळखीची नसलेली माणसं, कुठल्या कुठल्या घरांत, डोळे मिटून, आणि त्यांच्या अगदी कानाशी हा आवाज. झाकायला नळ नाही, एका अक्षराची सोय नाही.  आणि तरीही, कुणी विचारलं नसताना, मनात आलं की 'जा' अजून खाली घ्यायला हवं होतं, श्वास संपता संपता. उद्या बोलावलं तर तसं घेईन — नाही बोलावलं तर? तर मी फोन करीन. फोन! चार वर्षांत तिनं आपणहून कुणाला फोन केला नव्हता.

"बाई, जरा बाजूला," गालिच्याचं टोक धरलेला माणूस म्हणाला.

ती हलली नाही. ती अजून ते एक अक्षर मनात खाली, आणखी खाली नेत होती.