पाच टक्के कमीजास्त

सोमवारी सकाळी माझ्या भावाच्या छातीवर लोखंडी झाकण आलं आणि दुपारपर्यंत त्याला मालक मिळाला.

झाकण नीट बसलेलं होतं. कडेने रबराची पट्टी होती आणि चारी कोपऱ्यांत अडकवायचे आकडे. जयवंत शर्टाची बटणं सोडून माझ्या डोंबिवलीच्या खोलीत पलंगावर बसला होता आणि बोटाने त्यावर टकटक करून बघत होता. आवाज पोकळ येत होता. देवगडहून तो माझ्याकडे नोकरी शोधायला आला होता आणि कुठेच काही जमत नव्हतं. मला दुसरं भावंड नाही.

"ताई, आता माका काम गावतला," तो म्हणाला.

"गावतला," मी म्हणाले. गोदीत तेव्हा जहाजं मिळत नव्हती. माल धक्क्यावर पडून कुजत होता. पोकळ छातीचा धडधाकट तरुण कोणीही डोळे झाकून घेतला असता.

मी जहाजं भाड्याने लावते. भरुचा साहेबांचं ऑफिस गोदीसमोरच्या इमारतीत आहे आणि टेलेक्सच्या शेजारचं टेबल माझं. एकाकडे माल असतो, दुसऱ्याकडे जहाज असतं. दोघांची गाठ घालून करार लिहायचा, एवढंच माझं काम. लग्न जुळवण्यासारखंच हे, फक्त इथे भांडणाची सगळी कलमं अक्षता पडायच्या आधी लिहून ठेवतात.

टेलेक्सवर सगळं आखडून लिहावं लागतं, त्यामुळे आमची भाषा बाहेरच्या माणसाला लाडाची नावं घेतल्यासारखी वाटते. शेक्स म्हणजे रविवार आणि सुट्टीचे दिवस धरायचे नाहीत. मोलू म्हणजे पाच टक्के कमीजास्त, मालकाच्या मर्जीने. हे मोलू मोठं समजूतदार कलम आहे. जहाजात कोळसा नेमका किती मावेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही, म्हणून मालकाला थोडी ढील देतात. मी आजवर लिहिलेल्या प्रत्येक करारात ते आहे. लिहिताना मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

आमच्या धंद्यात लिहिलं की ते होतं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच आम्ही जपून लिहितो.

दुपारी मी लिहिलं: जहाजाचं नाव जयवंत कुबल. बांधणी देवगडची. धडाची लांबी धक्क्याएवढी. एक फेरी, मग आहे त्या अवस्थेत परत. ते 'परत' मी दोनदा तपासलं. मालाची कलमं लिहिली, रविवारचं लिहिलं, आणि बोटांनी आपणहून पुढची ओळ टाइप केली. भरुचा साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला.

"शालनबाय, हा तुझा भाऊ नी?"

"हो."

"चांगला हाय," ते म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

संध्याकाळी जयवंत धक्क्याच्या कडेने पाण्यात उताणा झोपला आणि लांबत गेला. गळ्यापासून कमरेपर्यंत तो सबंध धक्का व्यापून बसला. हातपाय आणि डोकं होतं तेवढंच राहिलं, कारण मी धडाचीच लांबी लिहिली होती. त्याचे डोळे मला लांबून दिसत होते. त्याने हात हलवला. मीही हलवला. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला. आमच्या घरातलं कोणीच एवढं मोठं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माल भरायला सुरुवात झाली. सिमेंटचा कच्चा खडा होता, भट्टीतून निघालेला, अजून कोमट. क्रेनचा पंजा वर जाई, उघडे आणि खडा जयवंतच्या छातीत कोसळे. पहिल्या पंज्याला तो हसला. दुसऱ्याला त्याने ओठ चावला. नंतरच्या एका पंज्याचे दात झाकणाच्या कडेत अडकले आणि क्रेनवाल्याने हिसका मारून तो सोडवला. पट्टीबरोबर चामडीही वर गेली आणि पंज्याला लोंबत राहिली.

"सावकाश," मी मुकादमाला म्हणाले. त्याचं नाव निवृत्ती. डोक्याला लाल रुमाल गुंडाळलेला, साताऱ्याकडचा माणूस.

"सावकाशच चाललंय, ताई. घाई असती तर दोन पंजे लावले असते."

मग त्याने हातोडेवाले आत उतरवले. गंज काढावा लागतो, नाहीतर माल खराब होतो. ते बरगड्यांवर दणादण ठोकत सुटले. आधी गंज निघाला, मग गंजाखालचं निघालं. लाल पाणी जयवंतच्या कुशीतल्या भोकांमधून धारेने बाहेर पडत होतं आणि धक्क्याजवळचं समुद्राचं पाणी पानाच्या पिंकेसारखं झालं होतं. मी रुमाल तोंडाला लावून तिथेच उभी राहिले, कारण मी गेले तर तो एकटा पडेल असं मला वाटत होतं.

रविवारीही हातोडे चालू होते. मी घरून धावत आले.

"ताई, लय दुखता गो," जयवंत म्हणाला.

मी निवृत्ती मुकादमाला गाठलं. "आज सुट्टी आहे."

"हाय की. म्हणून तर आजचं धरत नाहीत."

"काय धरत नाहीत?"

"दुखणं. सोमवार ते शनिवारचं धरतात. रविवारचं दुखलं तरी दुखलं नाही." त्याने एका पोऱ्याला न बघता जागेवरूनच हाक मारली, "मागच्या बरगड्या घ्या रे आता."

"पण रविवारी काम केलं तर तो दिवसही धरतात."

"तसं लिहिलं असलं तर धरतात. तुम्ही लिहिलं नाही."

मी लिहिलं नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. जयवंतकडे बघितलं तर तो खरंच ओरडत नव्हता. तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताठ होत्या, पण आवाज धरलाच जात नव्हता.

सोमवारी टेलेक्स खडखडला. मालकाची मर्जी आली होती. मालकाला आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नाही. तो टेलेक्सच्या पलीकडे असतो. कागदावर एकच शब्द होता: कमी.

"काय कमी?" मी विचारलं.

भरुचा साहेबांनी करार माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. माझीच ओळ होती. "इथे मालाचं लिवला नाय तू. नुसता लिवला, पाच टक्के कमीजास्त. जहाजाचा पण होऊ शकते नी."

जगात एवढी माणसं रोज एवढे करार लिहितात, पण भावाच्या करारात हे कलम फक्त आमच्याच लाइनीतली बाई घालेल. बाकी कोणाच्या बोटांना तसं वळणच नसतं.

मी जिन्यावरून उड्या टाकत धक्क्यावर पोचले तेव्हा निवृत्ती मुकादम पट्टी घेऊन मोजत होता. टक्के त्याच्या मूळच्या वजनावर धरायचे होते.

"एक हात होतो," तो म्हणाला. "खांद्यापासून. बरोबर बसतंय."

"थांबा. मी कागद बदलून आणते."

"आणा की. आम्ही कुठं नको म्हणतोय. माल भरून होईस्तोवर बदलता येतो कागद." हे बोलता बोलता त्याने कुऱ्हाड उचलली आणि जयवंतच्या उजव्या खांद्यात घातली. पहिल्या घावाला हाड लागलं. दुसरा घाव सांध्यात गेला. तिसऱ्याला हात सुटला, धक्क्यावर पडला, आणि बोटं थोडा वेळ दगडावर खरवडत राहिली. मग दोघांनी तो उचलून गाडीत टाकला.

सोमवार होता, त्यामुळे ओरडणं धरलं गेलं. गोदीतल्या सगळ्या घारी उडाल्या.

"ताई, माझो हात खंय गेलो?"

"हाडतंय, घेवन येतंय," मी म्हणाले. "थंयच ऱ्हव."

मी वर आले. भरुचा साहेब चहा पीत होते. मी करार त्यांच्यापुढे ठेवला, 'कमीजास्त'मधला 'कमी' पेनने खोडला आणि म्हणाले, "सही करा."

"मालकाला विचारला पाहिजे."

त्यांचा उजवा हात टेबलाच्या उघड्या खणात होता, चष्म्याची पेटी शोधत. मी कमरेने खण बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज आला. मी खण थोडा उघडला आणि परत बंद केला, या वेळी सगळं अंग लावून. त्यांची पगडी जागची हलली नाही. कपातला चहा मात्र बशीत सांडला.

"डाव्या हाताने चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

त्यांनी डाव्या हाताने सही केली. मी खण उघडला नाही. आयुष्यात मी पहिल्यांदा कोणाला तरी मारलं होतं आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की खोडल्यावर काय उरलं हे मी वाचलंच नाही.

टेलेक्स लगेच खडखडला. मालकाची नवी मर्जी होती: जास्त.

धक्क्यावर निवृत्ती मुकादमाने तो कागद उन्हात धरून वाचला. "पाच टक्के जास्त. म्हणजे एक हात लावायचा."

"त्याचाच लावा. गाडीत टाकलाय तो."

"तो कमीमध्ये गेला, ताई. गेलेला परत धरत नाहीत. जास्त म्हणजे बाहेरून." त्याने जयवंतच्या खांद्याचं भोक बोटांनी चाचपलं. "आणि असातसा बसायचा नाही इथं. बांधणी देवगडची लिहिलीय तुम्ही. देवगडचाच पाहिजे."

धक्क्यावर देवगडचं दुसरं कोणी नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं, खोटं कशाला बोलू, मी नीट बघितलं. मग उजव्या हाताची बाही वर केली. त्याला हात नसेल आणि मला असेल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"उजवाच का?"

"उजव्याच्या जागी उजवा."

मला एका पेटीवर बसवलं. दोघांनी धरलं. कुऱ्हाडीला माझ्या भावाचं रक्त लागलेलं होतं आणि ते मला पुसायला लावावंसं वाटलं नाही. पहिला घाव बसला तेव्हा मला काही दिसेनासं झालं. दुसऱ्याला माझ्या तोंडातून देवगडची एक शिवी बाहेर पडली, जी मी लहानपणानंतर कधी उच्चारली नव्हती. तिसरा घालावा लागला नाही. बायका तेवढ्या चिवट नसतात, असं मुकादम म्हणाला आणि जखमेचं भळभळतं तोंड त्याने गरम डांबराने बंद केलं.

माझा हात त्यांनी जयवंतच्या खांद्याला शिवला. जाड सुतळी होती, गोणी शिवायची. बांगडी हातातच राहिली.

"तुझो हात गरम आसा गो," जयवंत म्हणाला. त्याने बोटं हलवून बघितली. माझी बोटं त्याच्यासाठी हलली आणि मी इतकी रडले की निवृत्ती मुकादमाने तोंड फिरवलं.

"आता तो पुरा झाला ना?" मी विचारलं.

"पुरा झाला. वर पाच टक्के. आता निघायचं."

आकडे लावून छातीचं झाकण बंद केलं. ओढून न्यायचा टग आला, त्याचा दोर जयवंतच्या मानेला बांधला आणि धक्क्यावरचे दोर एकेक करून सोडले. पाण्याची पट्टी रुंद होऊ लागली. जयवंतचे पाय धक्क्यापासून सुटले, कंबर सुटली, मग तो थांबला. टगने जोर केला. धूर निघाला. जयवंत मानेशी ताणला गेला, पण पुढे जाईना.

मी डाव्या हाताने जखम दाबून कडेपर्यंत गेले. धक्क्याच्या भिंतीत दोर बांधायची लोखंडी कडी असते. जयवंतला शिवलेल्या माझ्या हाताने ती पकडली होती. मूठ इतकी घट्ट होती की पेरं पांढरी पडली होती.

"ताई, सोड," जयवंत म्हणाला.

"मी धरूक नाय रे."

"तुझोच हात मगे. सोड, माका जावक होया."

टग मागे आला आणि पुन्हा पुढे झेपावला. खांद्याच्या सुतळीचे दोन टाके तटतट तुटले. हात तुटला नाही. हाताने कडी सोडली नाही. टाक्यांच्या पलीकडची चामडी मात्र सुटायला लागली, आधी खांद्यावरची, मग छातीवरची झाकणापर्यंत. आतून खडा पाण्यात घरंगळू लागला. जयवंत या वेळी ओरडला आणि ते धरलं गेलं.

"टग थांबवा," मी म्हणाले.

"टग थांबत नाही, ताई. फेरी चालू झाली." निवृत्ती मुकादमाने कुऱ्हाड माझ्या बाजूला ठेवली, दांडा माझ्याकडे करून. "हात तुमचा. आम्हाला बाहेरच्याच्या हाताला हात लावता येत नाही."

"तोडला तर?"

"तर तो पुन्हा कमी भरंल. मग परत लावावा लागंल. तुमच्याकडं एकच उरलाय."

मी कुऱ्हाडीला शिवले नाही. धक्क्याच्या कडेला पालथी झोपले, खाली वाकले आणि डाव्या हाताने माझी करंगळी धरली. ती गार पडली होती आणि माझं ऐकत नव्हती. वर टगचा भोंगा वाजला. मी सगळा जोर लावून करंगळी कडीवरून उचलली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. जयवंतच्या छातीचं झाकण एका कोपऱ्यात उचकटलं होतं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी चौथं बोट उचललं आणि अंगठ्याकडे वळले, तोवर करंगळी परत कडीवर घट्ट बसली होती.