नऊ गेन्झो आणि एक सुतेकिची

आमच्या घराण्यात आजवर नऊ गेन्झो झाले आणि त्यांतला एकही जन्मतः गेन्झो नव्हता. मुलगा झाला की त्याला काहीतरी नाव ठेवायचं. बाप थकला की मुलाने बापाचं 'गेन्झो' हे नाव घ्यायचं, तेही कोर्टात जाऊन, सरकारी शिक्क्यासकट, आणि सोया सॉसची पिंपं सांभाळायची. बापाने आपलं जुनं नाव परत घ्यायचं आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचं. देवळामागे सगळ्यांना मिळून थडगंही एकच आहे. त्यावर 'गेन्झो' एवढंच कोरलंय, त्यामुळे दर पिढीला पाथरवटाचा खर्च वाचतो.

पहिला गेन्झो साधुपुरुष होता म्हणे. जुन्या कागदांत मात्र एवढंच सापडतं की तो शेजाऱ्याशी विहिरीवरून बारा वर्षं भांडला. तिसरा गेन्झो दारू पिऊन फळीवरून थेट पिंपात पडला. त्याला बाहेर काढलं, पण सॉस ओतून दिला की नाही, हे आमच्या घरात विचारायचं नसतं. त्या वर्षीचा सॉस फार वाखाणला गेला, असं आजी सांगायची. पाचवा बायकोला भिऊन पिंपांमागे झोपायचा. आठवा म्हणजे आमचे बाबा आणि नववा माझा धाकटा भाऊ.

मी किनु, वय चौऱ्याऐंशी. नवरा गेल्यावर माहेरी परत आले ती इथेच आहे. पिंपांना झाकणं आहेत, माझ्या तोंडाला नाही, असं भाऊ म्हणतो.

तर त्या शरदात, ओसरीत पर्सिमनची फळं वाळत घातली होती तेव्हा, जेवताना माझी भाची मिसाओ चॉपस्टिक्स खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मला गेन्झो करा."

भाऊ मुळ्याचं लोणचं चावता चावता थांबला. "कुणाला?"

"मला. दुसरं कोण आहे? आत्याला करताय का?"

"मला चालेल," मी म्हटलं.

"ताई, तू गप्प बस. मिसाओ, अगं, तू मुलगी आहेस."

"पंचेचाळीस वर्षांनी तुमच्या लक्षात आलं?"

पोरीचं मागणं रास्तच होतं. वीस वर्षं कोजी तीच लावते. वाफवलेलं सोयाबीन आणि भाजलेले गहू उबेच्या खोलीत पसरून त्यांवर बुरशी धरवायची, तीन दिवस तान्ह्या मुलासारखी जपायची, मग ते मिठाच्या पाण्यात कालवून पिंपात दोन वर्षं मुरवायचं. भाऊ मागे हात बांधून उभा राहतो आणि "हं" म्हणतो. बक्षीस मिळालं की घ्यायला मात्र नवा कोट घालून तोच जातो. आणि नव्या पिंपाचं झाकण गेन्झोशिवाय कुणी उघडायचं नाही, हा नियम. मिसाओ वर्षानुवर्षं पिंपाशेजारी उभी राहून बापाची वाट बघते. बाप तिकडे दात घासत असतो.

"बर्फ पडायच्या आत अर्ज गेला पाहिजे," मिसाओ म्हणाली. "नाहीतर मी चालले. पलीकडच्या खोऱ्यातले लोक मला मुख्य कारागीर म्हणून बोलावतायत. मग तुमची पिंपं तुम्हीच ढवळा."

भावाचं वय एकोणऐंशी. दोन पिंपं ढवळली तरी तिसऱ्यात आम्हाला तोच सापडला असता.

रविवारी नातेवाइकांची बैठक बसली. चुलतभाऊ ताकेमात्सु तावातावाने आला. आयुष्यभर याने विमा विकला. सोया सॉसशी याचा संबंध फक्त ताटापुरता.

"बाई गेन्झो होणार? पुरुषाचं नाव आहे ते! उद्या कोंबडी आरवायला लागेल."

"आरवू दे की," मी म्हटलं. "अंडीही तीच देते ना? कोंबडा नुसताच ओरडतो."

"पूर्वजांना काय वाटेल?"

"तिसरा गेन्झो पुरुषच होता. तरंगला का?"

ताकेमात्सुने चहाचा पेला उचलला तो खाली ठेवलाच नाही. बैठकीत शेवटी असं ठरलं की भावाने ठरवावं. आमच्याकडच्या सगळ्या बैठकांत हेच ठरतं.

भाऊ म्हणाला, "माझी ना नाही. पण मग मी कोण?"

खरी मेख इथे होती. माझा भाऊ जन्मला तेव्हा बाबांना बेचाळिसावं लागलेलं. पुरुषाचं ते वर्ष वाईट. त्या वर्षी झालेलं मूल बापाच्या मुळावर येतं म्हणतात. त्यावर तोडगा असा, की मूल सुपात घालून पुलापाशी टाकून यायचं, आधी ठरवलेल्या शेजाऱ्याने ते उचलायचं आणि 'अहो, हे मूल सापडलं, सांभाळता का?' म्हणत परत आणून द्यायचं. माझ्या भावाला मासेवालीने उचललं. मी पाच वर्षांची होते, सुपामागून चालत होते. आणि टाकलेलं मूल म्हणून त्याचं नाव ठेवलं सुतेकिची, म्हणजे टाकलेला भाग्यवान. शाळेत त्यातलं भाग्य कुणाला दिसलं नाही. पोरं त्याची टोपी कचऱ्यात टाकायची आणि म्हणायची, "सुते, तुझं घर सापडलं रे!" एकतिसाव्या वर्षी तो गेन्झो झाला तेव्हा त्याने अख्ख्या गल्लीला लाल भात आणि 'ताई' नावाचा सणासुदीचा मासा खाऊ घातला होता. मुलगी झाली तेव्हा शेंगदाणेसुद्धा वाटले नव्हते.

"मी नवीन नाव घेतो," तो म्हणाला. "सेइझान. निवृत्त माणसाला शोभेल असं."

आम्ही तिघं जिल्ह्याच्या गावी कोर्टात गेलो. खिडकीतली कारकून मुलगी तिशीची, पण बोलण्यात आमच्या आजीची आजी.

"एका कुटुंबनोंदीत एकाच नावाची दोन माणसं चालत नाहीत, आजोबा. मुलीने गेन्झो घ्यायचं तर तुम्ही सोडायला हवं."

"सोडतो. मला सेइझान करा."

"कारण?"

"शोभतं."

"शोभतं हे कारण नाही. तुमचं मूळ नाव परत घेता येईल. तुमच्या घराण्यातल्या रीतीची आधीची कागदपत्रं आहेत, ते सोपं जाईल." तिने कागद उलटला. "सुतेकिची. छान आहे की."

"तुम्ही घेता का?" भाऊ म्हणाला.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. मिसाओ समोर बसून लिंबाची गोळी चघळत होती. तिने एकदाही बापाची मनधरणी केली नाही. जिद्दीला दोघं एकमेकांना भारी.

नंतरचे पंधरा दिवस भावाला रोज नवं दुखणं. सोमवारी गुडघा, मंगळवारी छाती, बुधवारी दोन्ही. डॉक्टर म्हणाले की यांचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागलं. मिसाओने एक पेटी भरून दारात आणून ठेवली. वर तिच्या कामाच्या हत्यारांची गुंडाळीही बांधलेली होती. ही पोरगी गेली तर या घरात दोन म्हातारे आणि तीस पिंपं उरणार होती.

दुपारी मी भावाला झाडायला निघाले. तो उबेच्या खोलीच्या दाराशी उभा होता, हात दारावर ठेवून. आतून कोजीचा चेस्टनटसारखा वास येत होता.

"लाज वाटत नाही?" मी म्हटलं. "एका नावासाठी पोरीला घालवतोस? सुतेकिची तर सुतेकिची. या वयात तुझी टोपी कोण फेकणार आहे?"

"नावाचं नाही गं, ताई."

"मग कशाचं?"

त्याने दारावरचा हात काढला. "मी बाबांना या दारातून हाकललं होतं."

मी तेव्हा सासरी होते. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नाव दिल्यावर जुन्या गेन्झोने या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. दोन गेन्झोंचे हात एका कालवणात नकोत. पण बाबा रोज काहीतरी निमित्त काढून यायचे. कधी टॉवेल राहिला, कधी मांजर आत शिरलं. मांजर तर आमच्याकडे नव्हतंच. आणि हा, एकतिशीतला नवाकोरा गेन्झो, रोज त्यांना दारातून परत पाठवायचा. एक दिवस तर कामगारांसमोर म्हणाला, 'म्हातारबुवा, रीत तुम्हीच शिकवलीत ना?' त्यानंतर बाबा आले नाहीत. चार वर्षं मागच्या खोलीत बसून राहिले. भिंतीपलीकडे ढवळायचं लाकडी वल्हं पिंपाला आपटलं की म्हणायचे, 'हळू मारतोय.' आणि एक दिवस तेही म्हणायचे थांबले.

"तू वाईट वागलास," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"फार वाईट वागलास."

"ताई, माहीत आहे म्हटलं ना!"

"मग मिसाओला सांग. म्हणावं, मला आत येऊ दे."

"भीक मागू? ज्या दारातून बापाला घालवलं तिथे उभा राहून?" त्याने नाक पुसलं. "आणि खबरदार, तू तिला सांगशील तर."

मला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली, आणि बाबांची आठवण येऊन मी तिथेच पायरीवर बसले. चौऱ्याऐंशी वर्षांत मी एकच गुपित राखलं, ते हे.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा कोट घातला, बक्षिसाचा, आणि अर्जावर शिक्का मारला. कुणाला काही मागितलं नाही. मिसाओने पेटी उचलून परत आत नेली. कोर्टाचा कागद यायला महिना लागला, तोवर बर्फ गुडघाभर साचलं होतं, पण मुदतीची भाषा पुन्हा कुणी काढली नाही. समारंभाला लाल भात झाला, मासा झाला. ताकेमात्सुही आला आणि तीन वाट्या भात खाऊन "कोंबडी बरी आरवतेय" म्हणाला. दहावा गेन्झो निळा अंगरखा घालून पहिल्या पाटावर बसली. भाऊ शेवटच्या पाटावर, माझ्या शेजारी. सगळे त्याला काय म्हणायचं ते न कळून "अहो, ऐका ना" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीत बसला होता, भिंतीकडे तोंड करून. न्याहारीला बसल्यावर म्हणाला, "ताई, नात्तो आण."

मी चाटच पडले. नात्तो म्हणजे तारा सुटणारं ते चिकट, आंबूस सोयाबीन. आमच्याकडे घरोघरी रोज खातात, फक्त कोजीच्या घरात त्याला बंदी. त्याचे जंतू श्वासातून, हातातून उबेच्या खोलीत गेले तर अख्खी कोजी नासते. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या भावाने नात्तोला हात लावला नव्हता.

"आता मला काय बंदी आहे?" तो म्हणाला. "मी कुठे जाणार आहे आत? आण. दोन डबे आण."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले. त्याने एक डबा घुसळला, भातावर ओतला आणि डोळ्यांतलं पाणी सोबतच्या मोहरीचं आहे असं दाखवत सगळा खाल्ला. हनुवटीवर तारा लोंबत होत्या.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "सुतेकिची!"

तो हललाच नाही. मीच त्याला कोपराने ढोसलं. "अरे, तुला."

"सुतेकिची! कानात बोळे घातलेत का?"

तो उठला, खडावा उलट्यासुलट्या घालून बर्फातून धावला. मी मागोमाग. उबेच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पांढरी वाफ, आणि दारात मिसाओ, बाह्या सरसावलेल्या, कमरेवर हात. कामगारांना आमच्याकडे नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, तीच तिने मारली होती.

"हिरोसे गड्याची पाठ धरलीय, तो येणार नाही," ती म्हणाली. "आजपासून कोजीची ताटं पालटायला तू. हात धुवून आत ये."

"पण मिसाओ... रीत..."

"गेन्झो म्हणायचं. इथे रीत काय ते गेन्झो ठरवतो, तूच सांगायचास. तू जुना गेन्झो म्हणून येत नाहीयेस. नवीन गडी म्हणून येतोयस. येतोयस का नाही?"

माझ्या भावाने तोंड उघडलं. "येतो" म्हणायलाच उघडलं असणार. पण तिने नाक वर केलं, एक पाऊल मागे सरली आणि दार अर्धं ओढून घेतलं.

"नात्तो खाल्लास?"

त्याने तोंडावर हात धरला.

"नात्तो खाऊन माझ्या दाराशी येतोस? अक्कल कुठे गहाण ठेवलीस? चल, हो बाहेर! माझी तीन दिवसांची कोजी आहे आत!"

"चुकलं, गेन्झोसाहेब."

"उद्या पाचला ये. अंघोळ करून, कपडे बदलून. पाच म्हणजे पाच. लोणचं-भात खा, दुसरं काही नाही."

दार धाडकन बंद झालं. भाऊ दोन पावलं मागे सरकला आणि त्या बंद दाराला कमरेत वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळला. दाढीला नात्तो, पायांत उलट्या खडावा आणि चेहरा असा, की असा मी त्याचा कधी बघितला नव्हता.

"ताई, हाकललं मला!" तो म्हणाला. "ऐकलंस? हाकललं! उद्या पाचला बोलावलंय."

"ऐकलं बाबा, अख्ख्या गल्लीने ऐकलं."

"गजर लावून दे. दोन घड्याळांत लाव. आणि तो उरलेला डबा शेजारी देऊन टाक, घरात ठेवू नकोस."

मी दोन्ही घड्याळांना साडेचारचा गजर लावला. मग स्वयंपाकघरात गेले आणि पदर नाही म्हणून टॉवेल तोंडाला लावून पोटभर रडून घेतलं.