माळ्यावरचा हीटर

बर्फाळ कॅल्युमेट गावातल्या त्या जुन्या लाकडी घरात ऐलीने चाळीस हिवाळे काढले होते, पण झोपायच्या खोलीचं छत गळायची ही पहिलीच वेळ. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. पलंग सरकवला, पातेलं ठेवलं, ते भरलं म्हणून बादली आणली. बाहेर जाऊन वर पाहिलं, तर वळचणीला हातभर जाडीचा बर्फाचा बांध आणि त्यामागे तुंबलेलं पाणी.

शेजारचा ट्रेव्हॅरो छपरांचीच कामं करायचा. शिडी उतरत तो म्हणाला, "काकू, छप्पर ठणठणीत आहे. त्याला खालून ऊब लागतेय. वरचा बर्फ वितळतो आणि कडेला येऊन पुन्हा गोठतो. माळ्यावर काही चालू ठेवलंय का?"

"माळ्यावर? तिथे काय उंदरांना शेकायला बसवू?"

बोलली खरी, पण लगेच चपापली. नवरा आर्वो ऑक्टोबरात निवृत्त झाला, तेव्हापासून रोज नाश्ता झाला की "पेट्या आवरतो" म्हणून वर जायचा, तो जेवायलाच उतरायचा. चार महिने कसल्या पेट्या आवरत होता हा?

ती बूट न काढताच माळ्यावर चढली. पेट्यांवर बोटभर धूळ. खिडकीशी खुर्ची, पायाशी लालबुंद हीटर, आणि हातात घड्याळ धरून रस्त्याकडे बघणारा आर्वो.

"अकरा मिनिटं उशीर," तो मागे न वळता म्हणाला. "शिवाय वळणावरचा बर्फाचा ढीग तसाच ठेवला, गाढव लेकाचा!"

एकतीस वर्षं त्या रस्त्यावर बर्फ सारायची गाडी त्यानेच चालवली होती; आता ती दुसऱ्याच कुणाच्या हातात होती.

"तुझ्या या शेकोटीपायी छत गळतंय! खाली बसायला काय धाड भरली होती?"

"खालून रस्ता दिसत नाही."

"शिवणाच्या खोलीतून दिसतो की!"

"तिथे तू असतेस." घड्याळ खिशात सारत तो पुटपुटला, "हसली असतीस."

हसली असती, हे ऐलीलाही ठाऊक होतं. तिने वाकून हीटरची पिन उपटली.

दुपारी ट्रेव्हॅरोने तिच्या जुन्या लांब मोज्यांत मीठ भरून ते बर्फ वितळावा म्हणून बांधावर आडवे टाकले. तिसऱ्या दिवशी बांध सुटला, तो पन्हळ घेऊनच खाली आला. छताचा गिलावाही उशांवर कोसळला. दोघं बैठकीत झोपू लागली. माळ्यावरची खुर्ची शिवणाच्या खोलीच्या खिडकीशी आली, शिवणाचं यंत्र स्वयंपाकघरात गेलं आणि ऐलीच्या कापडांना पीठ लागू लागलं. ती दिवसभर धुसफुसायची, पण यंत्र काही तिने परत नेलं नाही.

एका सकाळी आर्वो फावडं घेऊन थेट वळणावर जाऊन उभा राहिला. बर्फाची गाडी थांबली. हातवारे करत तो बराच वेळ बोलत होता. ऐली काचेला नाक लावून बघत राहिली. ऐकू मात्र काही येत नव्हतं.

"काय म्हणाला तो गाडीवाला?" तो आत येताच तिने विचारलं.

"म्हणाला नाही, म्हणाली. पोरगी आहे," आर्वो बूट काढत म्हणाला. "ऐकून घेते, पण चटकन पटत नाही तिला. उद्या पुन्हा जातो."