अकरावा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, आणि मला भिंतीकडे तोंड करून टांगले असते तर अनेकांचे भले झाले असते. माझ्यावर कुत्र्यांच्या चोवीस जातींची चित्रे आहेत. त्यांपैकी पाच चित्रांना तांबडी चौकट आहे. तांबडी म्हणजे धोकादायक. उरलेल्या चित्रांखाली गोड ओळी आहेत: 'इमानी', 'शांत', 'लहान मुलांत निर्धास्त सोडावा'. हे सारे कोणी ठरवले, असे तुम्ही विचाराल. माझ्यासमोर उभे राहून गेल्या तेवीस वर्षांत हा प्रश्न एकाही मोठ्या माणसाने विचारलेला नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. नगरपालिकेच्या प्राणी विभागाने एका चित्रकाराला चोवीस नावांची यादी आणि दहा दिवसांची मुदत दिली होती. हा गृहस्थ दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तरबेज होता. तेवीस जातींची छायाचित्रे त्याने कुठून कुठून मिळवली. अकराव्या चौकोनातला पिटबुल मात्र त्याला सापडेना. शेवटच्या दुपारी त्याची नजर छापखान्याच्या दारात झोपलेल्या बेवारशी कुत्र्यावर गेली. रुंद डोके, आखूड केस, छातीवर पांढरा डाग.

"ह्याचंच काढतो," तो छपाईवाल्याला म्हणाला. "जरा रागीट केलं की झालं. कोण बघायला येतंय?"

त्याने ओठ उचलले, सुळे लांबवले, डोळ्यांत तांबडा रंग भरला. कुत्रा तेवढा वेळ झोपूनच होता. थोडक्यात, माझ्या अंगावरचा सर्वांत भयंकर प्राणी म्हणजे कुठल्याच जातीचा नसलेला, गाढ झोपेतला एक कुत्रा आहे. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला तोंड नाही, ही माझी सबब. ज्यांना तोंडे होती त्यांचीही सबब पुढे ऐकाल.

मला कापडावर चिकटवून, वरखाली लाकडी पट्ट्या ठोकून कोंडवाड्याच्या पुढच्या खोलीत टांगले. तिथले निरीक्षक शिस्तीचे होते. पकडून आणलेला कुत्रा ते माझ्याखालच्या बाकावर उभा करत, कापडी टेपने त्याच्या डोक्याची रुंदी मोजत, मग पेन्सिलीचे टोक माझ्यावरून फिरवत आणि जिथे सारखेपणा दिसेल तिथे थांबत. वहीत जात लिहिली जाई. वर्षाअखेरीस वहीतल्या जाती मोजून अहवाल निघे की तांबड्या चौकटीतली कुत्रीच सर्वांत जास्त चावतात. अहवाल माझ्यावरून निघे आणि माझी प्रतिष्ठा अहवालावरून वाढे. विद्वत्तेचे हे वर्तुळ इतके गुळगुळीत होते की सत्याला आत शिरायला फट उरली नव्हती. पाहुणे आले की निरीक्षक सांगत, "तक्ता खोटं बोलत नाही." आणि मी, आज सांगताना मान वर होत नाही, पण मी फुशारून जात असे.

मग ठोकळ्या आला.

खुर्च्यांच्या गाद्या शिवणाऱ्या एका बाईंचा तो कुत्रा. डोके ठोकळ्यासारखे, म्हणून ते नाव. त्यांच्या गल्लीत पोस्टमनच्या पोटरीचा चावा घेतला गेला होता. त्या वेळी तिथे दोन कुत्री होती: ठोकळ्या, आणि एका दंतवैद्यांचा सोनेरी केसांचा गोल्डन रिट्रीव्हर. दोघांनाही माझ्यापुढे उभे केले. ठोकळ्याच्या छातीवर पांढरा डाग होता. निरीक्षकांची पेन्सिल अकराव्या चौकोनावर थांबली. सोनेरी महाशय सातव्या चौकोनात बसले. त्याखालची ओळ, 'लहान मुलांत निर्धास्त सोडावा'.

नियम असा होता की चावण्याच्या प्रकरणातला कुत्रा तांबड्या चौकटीतला ठरला, तर पाच दिवसांत त्याला इंजेक्शन देऊन संपवायचे.

"साहेब, हा चावलाच नाही," पोस्टमन म्हणाला. "तो पिवळा चावला. माझी पिशवी त्याच्या कानाला लागली, नि वळून धरलं त्यानं."

"तुम्ही घाबरला होता. अशा वेळी काय दिसतं ते खरं नसतं."

"चावलंय मला, साहेब. तुमच्या तक्त्याला नाही."

गादीवाल्या बाई बाकाच्या टोकाला बसून ठोकळ्याची मान खाजवत होत्या. हाताला कापूस चिकटलेला. "दादा, ह्याची आई आमच्याच गल्लीतली," त्या म्हणाल्या. "बाप कोण म्हणाल तर अख्खी गल्ली. कसली जात नि कसलं काय. दिवसभर कापसाच्या ढिगावर लोळतो. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही, आळशी मेला."

कोंडवाड्याच्या पशुवैद्य बाईंनी पोस्टमनच्या जखमेतल्या दोन सुळ्यांच्या खुणांमधले अंतर मोजले. "ह्याचा जबडा त्यात बसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्या दुसऱ्याच्या कानाला वास येतोय. कान दुखत असेल तर कुठलाही कुत्रा चावेल. तपासू द्या मला."

दंतवैद्य हसले. "डॉक्टर, आमच्याकडे चावायची पद्धत नाही. वाचा की, लिहिलंय तिथं." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

कान तपासला गेला नाही.

जातीला काहीच अर्थ नसतो, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारे माझ्याइतकेच आळशी असतात. जबड्याचे बळ, अंगाचा आकार, पाठलागाची ओढ या गोष्टी माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेल्या आहेत, आणि मोठ्या जबड्याचा चावा लहान जबड्याहून भयंकर असतो. पण समोरचा कुत्रा किती वर्षे साखळीला होता, त्याला कोणी मारले, त्याचे काय दुखते, यांतले जातीच्या नावावरून काहीही कळत नाही. माझ्या अकराव्या चौकोनात तर जातही नव्हती. घाईत असलेल्या एका माणसाची शेवटची दुपार होती.

पाचव्या दिवशी बाई एक लहानशी गादी शिवून घेऊन आल्या. "लोखंडावर झोपायची सवय नाही त्याला," एवढेच बोलल्या. पशुवैद्य बाईंनी इंजेक्शनच्या कागदावर सही करायला नकार दिला. मग दुसऱ्या कार्यालयातून एक डॉक्टर बोलावले. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिले, कुत्र्याला पाहायची गरज त्यांना भासली नाही. सुई भरेपर्यंत ठोकळ्याला गादीवर डुलकी लागली होती. तो जागा झालाच नाही. बाई रिकामी गादी काखेत धरून दारातून बाहेर पडल्या, आणि त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अजून पेलू शकलेलो नाही.

तीन आठवड्यांनी दंतवैद्य परत आले. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने सोनेरी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकले होते आणि गाल त्याच्या कानावर दाबला होता. गालाला अकरा टाके पडले. कुत्र्याच्या कानात पू झाला होता. दंतवैद्य माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी सातव्या चौकोनाखालची ओळ दोनदा वाचली.

"इथं निर्धास्त लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले.

पशुवैद्य बाई म्हणाल्या, "मी कान म्हणाले होते."

आता तरी मला भिंतीवरून उतरवतील, असे मला वाटले. खरे सांगतो, मी त्याची वाट पाहत होतो. निरीक्षकांनी खण उघडला, तांबडी पेन्सिल काढली, बाकावर चढले आणि सातव्या चौकोनाभोवती काळजीपूर्वक चौकट आखली. मग खाली उतरून, मान तिरकी करून, रेघ सरळ आली आहे ना ते पाहिले.

"आता बरोबर झाला तक्ता," ते म्हणाले.

मित्रांनो, मी अजून त्याच खोलीत टांगलेला आहे, सहा तांबड्या चौकटींसह. तुम्ही कधी तिथे आलात, तर माझ्याखालच्या बाकावर कोणीतरी उभे असेल. मला वाचू नका. त्याच्याकडे पाहा, त्याच्या मालकिणीला विचारा, त्याचा कान तपासा. मला वाचायला वेळ लागत नाही. म्हणूनच सगळे मला वाचतात.