इदेरच्या खोलीचं कुलूप

या मित्रांनो, अगदी जवळ सरकून बसा. माझ्या दगडांना पाठ टेकलीत तरी चालेल. पोटात जपलेली एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी धान्यकोठी आहे. मोरोक्कोतल्या एका डोंगरमाथ्यावर, दगडमातीची, साऱ्या गावात मिळून एकच. माझ्या पोटात घरागणिक एक खोली. प्रत्येक दाराला लाकडी कुलूप, आणि खाली मांजरापुरतं भोक. उंदरांपासून धान्य राखणाऱ्या मांजरांचा वाटाही गाव न चुकता काढून ठेवी. इथला कायदा एकच, मालकाशिवाय त्याचं दार उघडायचं नाही. दुष्काळ आले, भांडणं झाली, दार कधी फुटलं नाही. सुगीला बाया जवाची पोती चढवताना गात, तेव्हा वाटे, देवाने मला दगड केलं खरं, पण ऐकायला कान दिले, केवढे उपकार!

पुढे पुरुष परमुलखात कामाला गेले. पिठाच्या गोण्या बाजारातून येऊ लागल्या. मी रिकामी झाले. रखवालदार बिहीबाबा तेवढा येऊन झाडून जाई.

मग एके वर्षी रकिया नावाची विणकरीण चार बायांना घेऊन आली. "इथे माग मांडू, अक्षरं शिकू. घरी सासवा बसू देत नाहीत, इथे कोण उठवतंय!"

माती कालवली, भिंती लिंपल्या. पण वरच्या कोपऱ्यातल्या खोलीची तुळई मोडलेली. पाऊस तोंडावर आला होता. ती बदलली नाही, तर पाणी मुरून अख्खी भिंत बसणार. आणि ती खोली इदेरची. तो तरुणपणी फ्रान्सच्या खाणीत गेला, किल्ली गळ्यात घालून. परतला नाही. त्याची म्हातारी बहीण इज्जा अजून वाट पाहत होती.

"आजी, दार फोडू या का?" रकियाने विचारलं.

"आधी माझं डोकं फोड!" इज्जा दारातच फतकल मारून बसली. "दार फोडलं म्हणजे तो गेला असं मीच म्हटल्यासारखं, बाई."

"अगं, भिंतच पडली तर दार कुठे राहणार?"

"माझा हात उठायचा नाही," बिहीबाबा पुटपुटला.

मग इज्जाने मान वर केली. "बिही, दार माझ्या भावाचं. आणि छप्पर?"

"छप्पर गावाचं."

"मग वरून उतरा की शहाण्यांनो! दाराशी काय डोकी आपटताय?"

छप्पर उकललं. इज्जाने आपल्या लग्नातली घोंगडी वरून आत सोडली. "आधी भावाचं धान्य झाका. मालक नसताना कुणी बघायचं नाही." बायांनी नजरा वळवल्या आणि गात गात तुळई बसवली,

"ज्याचं त्याला राहू दे, देवा,
सावली सगळ्यांवर राहू दे!"

पाऊस आला, थेंब आत आला नाही. आता माझ्या पोटात माग वाजतात. इज्जाही येते, तिचं लक्ष अक्षरांपेक्षा चहात जास्त. एका सकाळी बंद खोलीतून म्यांव म्यांव ऐकू आलं. घोंगडीवर मांजर व्याली होती. इज्जा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "बघा गं, माझ्या भावाच्या घरी पाळणा हलला! आता म्हणा रिकामं घर!"

मित्रांनो, जुनी वास्तू पाडण्याआधी तिच्या छपराखाली घटकाभर बसून बघा. ती अजून कितीतरी जणांना पोटात घेईल. आणि एक मागणं. गळ्यात लाकडी किल्ली घातलेला म्हातारा कुठे भेटला, तर सांगा, "इदेरबाबा, दार तसंच आहे." नाहीच भेटला, तर भाकरी मोडताना एकदा त्याचं नाव घ्या.