डाव्या वळणावरची जागा

मित्रांनो, जागेवरून तसूभरही न हलता हजारो किलोमीटर गाडी हाकलेले एक जुने स्टिअरिंग आज तुमच्याशी बोलते आहे. खऱ्या गाडीत मी कधी बसलो नाही. खरा रस्ता कसा असतो, हेही मला ठाऊक नाही. कॉम्प्युटरवरच्या मोटारशर्यतीसाठी माझा जन्म झाला. टेबलाच्या कडेला दोन लोखंडी पकडींनी मला आवळून ठेवले आहे आणि समोर एक पडदा आहे. एवढेच माझे जग.

कारखान्यात माझ्या पोटात एक मोटर बसवली. पडद्यावरची गाडी खडबडीत कडेवर गेली की ती मला थरथरवते. चाके घसरू लागली की मला हलके करते. त्यामुळे गाडी खोटी असली तरी हातांना तिचे वजन खरे वाटते. पेटीत भरण्याआधी एका यंत्राने मला पाच हजार वेळा डावीकडे आणि पाच हजार वेळा उजवीकडे फिरवले. मला वाटले, एवढा व्यायाम करून घेतला म्हणजे आता कुठेतरी लांब नेणार. नेले खरे, पण थर्माकोलात दाबून, अंधारात.

माझा पहिला मालक केशकर्तनकार होता. दुकानात हा माणूस लोण्याहून मऊ. गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा फिरवताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पण घरी येऊन माझ्यापुढे बसला की त्याच्या अंगात यायचे. पहिल्या वळणावर ब्रेक लावायचाच नाही. पुढच्या गाडीवर जाऊन आदळायचे आणि तिच्याच आधाराने वळायचे, ही त्याची रीत. ती गाडी बिचारी वाळूत, हा मात्र पुढे. कोणी तक्रार केली की म्हणायचा, "खेळ तर आहे! कुणाला खरचटलं का?" इंटरनेटवर एकत्र शर्यत खेळणाऱ्या चार ग्रुपांनी एकामागून एक त्याला हाकलले. तेव्हा सगळा दोष माझ्यावर आला. "स्टिअरिंगच भिकार आहे!" असे म्हणून त्याने मला कपाटावर फेकले. नाचता येईना, अंगण वाकडे! तिथे दीड वर्ष मी धूळ खात पडलो. नंतर जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो आणि तिथून एका बहिणीसाठी तिच्या धाकट्या भावाने मला उचलले.

तिला सगळे ताई म्हणत. ताईने अठरा वर्षे रुग्णवाहिका चालवली होती. मग तिच्या बाबांना पक्षाघात झाला. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'हो' आणि 'अगं' एवढे दोनच शब्द त्यांच्याकडे उरले. आई आधीच गेलेली. भावाची नोकरी आणि दोन लहान मुले दुसऱ्या गावी. म्हणून ताईने काम सोडले आणि ती घरी बसली. औषधाचे दुकान, भाजी, की परत घरी. दोन वर्षांत ती अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर राहिली नव्हती. "घरबसल्या गाडी तरी चालव," असे म्हणून भावाने मला टेबलाला आवळले आणि संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला.

खोली लहान होती. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये टेबल. ताईने ते मुद्दाम तिरके लावले होते, म्हणजे मान वळवली की उघड्या दारातून बाबांची खाट दिसावी. बाबांनाही तिथून माझा पडदा दिसत असे. बाबा तरुणपणी फुटबॉलच्या सामन्यांचे पंच होते. त्यांची जुनी शिट्टी आता हाक मारण्याच्या कामी आली होती. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल.

ताईच्या हातांनी मला पहिल्यांदा माणसात आणले. केशकर्तनकार मला पिळायचा. ताई मला धरायची. तिने एका कागदावर शर्यतीचे नियम लिहून पडद्याच्या चौकटीला चिकटवले होते. आपल्याहून एक फेरी पुढे असलेला मागून आला तर त्याला वाट द्यावी. गाडी बाहेर गेली तर ट्रॅकवर परतताना दोन्ही बाजू बघाव्या. आपल्या धक्क्याने कोणी बाहेर गेला तर थांबावे आणि त्याची जागा त्याला परत करावी. आणि सर्वांत खाली, दोन रेघा ओढून: वळणाआधी दुसऱ्याचे पुढचे चाक आपल्या दाराशी आले असेल, तर एका गाडीची जागा सोडायचीच.

"मला आयुष्यभर लोकांनी वाट दिली," ती एकदा म्हणाली. "आता माझी पाळी."

दर रविवारी दुपारी सोळा जण आपापल्या घरी बसून एकाच ट्रॅकवर धावत. एकमेकांचा आवाज कानात ऐकू येई. ताईच्या बरोबरीचा एकच होता. तो भल्या पहाटे उठून बेकरीची भट्टी पेटवायचा, सकाळभर पाव विकायचा आणि जेवून माझ्यासारख्याच एखाद्या स्टिअरिंगपुढे बसायचा. सगळे त्याला बेकरीवाला म्हणत.

"ताई, आज सोडणार नाही हं तुम्हाला!"

"सोडू नकोस. फक्त ढकलू नकोस."

"ढकलीन कशाला? भट्टीत हात घालायची सवय आहे मला, गाडीत नाही!"

असा त्यांचा दोन वर्षांचा शेजार होता. फेऱ्यांमागून फेऱ्या चाकाला चाक लावून धावायचे, पण कुणाच्या गाडीला ओरखडा नाही. मीही सुखावलो होतो. बांधलेलाच होतो, पण चांगल्या हातात.

त्या वर्षी या रविवारच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळाने जाहीर केले की हंगामाअखेर गुणांत पहिला येईल त्याला खऱ्या ट्रॅकवर खरी शर्यतीची गाडी एक दिवस चालवायला मिळेल. ताईने भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "ताई, तू जिंकलीस ना, तर तो दिवस मी येतो बाबांजवळ. शब्द!" त्या दिवसापासून ताईच्या तळव्यांना घाम येऊ लागला. माझे रबर ओलसर राहू लागले. ती बक्षिसाचे कधी बोलायची नाही. पण भाजी निवडताना, उशीचा अभ्रा बदलताना ती मध्येच थांबायची आणि खिडकीकडे बघत राहायची. तिला गाडी हवी होती की तो दिवस हवा होता, हे मला तेव्हा कळले नाही.

शेवटच्या शर्यतीपर्यंत ताई आणि बेकरीवाला यांचे गुण समसमान झाले. जो पुढे, तो पहिला. त्या सकाळी बाबा फार चिडलेले होते. त्यांनी दोनदा घास थुंकला, अंथरूण भिजले, चादरी तीनदा बदलाव्या लागल्या. ताई माझ्यापुढे बसली तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास येत होता आणि मनगटे ताठ होती.

दोन फेऱ्या उरल्या. ताई पुढे, बेकरीवाला मागे. डावीकडच्या लांब वळणाआधी त्याने आतून गाडी काढली. त्याचे पुढचे चाक ताईच्या दाराशी आले. अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे. आता एका गाडीची जागा सोडायची होती.

मित्रांनो, गाडी घसरली असती तर मी आधी हलका झालो असतो. मी हलका झालो नव्हतो. दोन्ही हातांनी मला हवे त्यापेक्षा चार अंश जास्त डावीकडे ओढले. चारच अंश. माझ्या पोटातून धक्का उठला आणि बेकरीवाल्याची गाडी फिरत फिरत वाळूत गेली.

त्याच क्षणी मागून शिट्टी वाजली. एक नाही, दोन नाही. छाती फुटेल अशी, लांबच लांब.

ताईने शर्यत सोडली नाही. थांबून त्याची जागा त्याला परत दिली नाही. तिने दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या, पहिली आली आणि मग खाटेकडे धावली. "काय झालं बाबा? पाणी हवंय? वळायचंय?" बाबांनी नकारार्थी मान हलवली. डावा हात उचलून त्यांनी माझ्या पडद्याकडे बोट केले. "अगं," ते म्हणाले. "अगं..."

टेबलावर टाकलेल्या हेडफोनमधून बेकरीवाल्याचा आवाज अजून येत होता. "ताई? ताई, हे काय केलंत?"

ताई परत आली. "जागा नव्हती," ती म्हणाली. "तूच घुसलास."

स्पर्धेच्या पंचांनी शर्यतीचे चित्रण पुन्हा पाहिले. बेकरीवाल्याच्या घरचे नेट अडखळत होते. त्यामुळे नेमक्या त्या क्षणी त्याची गाडी चित्रात उडी मारल्यासारखी दिसत होती. ताईनेही लिहून दिले की तो ऐनवेळी आत शिरला. निकाल लागला: चूक बेकरीवाल्याची. त्याचा क्रमांक शेवटचा आणि पुढच्या हंगामातल्या दोन शर्यतींना बंदी. सगळ्यांनी ताईचे अभिनंदन केले. भावानेही केले.

ताईने माझ्यावर टॉवेल टाकला.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. त्या घरात खरे काय ते आम्हा तिघांना माहीत होते. त्यातल्या एकाला वाचा नव्हती, एकाला तोंडच नव्हते आणि जिला दोन्ही होते ती गप्प होती. मी टॉवेलाखाली आवळलेला, बाबा खाटेवर जखडलेले आणि ताई आमच्यामध्ये भांडी घासत, गोळ्या मोजत, फिरत. बाबा पाण्यासाठी शिट्टी वाजवीनात. कोरड्या तोंडाने पडून राहत, पण तिला बोलवीनात. शनिवारी दुपारी तिचा बांध फुटला.

"असं बघू नका माझ्याकडे! चार वर्षं, बाबा! चार वर्षं मी या दारातून त्या दारात! मला एक दिवस हवा होता. एकच! त्यात काय एवढं पाप केलं मी?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "हो," ते म्हणाले. ते 'हो' कशाला होते, हे ताईने विचारले नाही. ती बराच वेळ त्यांच्या छातीवर डोके टेकून बसली. मग उठली, त्यांना पाणी पाजले आणि माझ्याशेजारी बसून बेकरीवाल्याला फोन लावला.

"त्या वळणावर चूक माझी होती. मुद्दाम केलं मी."

पलीकडे पत्र्याचे ट्रे आपटल्याचा आवाज आला.

"ताई," तो म्हणाला, "मी आठ दिवस तेच चित्रण बघतोय. शेवटी मलाच वाटायला लागलं, की माझाच हात चुकला. काल तर मी शर्यत सोडायची ठरवली होती."

"राग काढ माझ्यावर," ती म्हणाली.

"काढीन. आज नको. आज मला जरा बरं वाटतंय."

पंचांना मात्र ताईचे म्हणणे खरे वाटेना. "तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, ताई," प्रमुख पंच फोनवर म्हणाले, "पण त्याच्यासाठी स्वतःवर आळ घेऊ नका." बघा, खोटे पटकन पटले आणि खऱ्याला साक्षीदार हवा झाला! तेव्हा ताईने माझ्यावरचा टॉवेल काढला. माझी प्रत्येक हालचाल कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली असते. ती नोंद शोधून तिने पंचांना पाठवली. चार अंश डावीकडे, ब्रेक आधीपासून तसाच, घसरण शून्य. मला तोंड नाही, तरी माझी साक्ष झाली.

निकाल फिरला. ताईची शर्यत रद्द झाली आणि पुढच्या हंगामात तिला पाच शर्यतींची बंदी बसली. बेकरीवाला पहिला ठरला आणि खऱ्या ट्रॅकवर तोच गेला. ग्रुपमध्ये काहींनी ताईला शाबासकी दिली, तर काहींनी अजून तिच्याशी बोलणे सोडलेले आहे. तेही बरोबरच आहे. कबुली दिली म्हणून धक्का पुसला जात नाही.

त्यानंतर ताईने भावाला फोन केला. "मी हरले. पण मला तो एक दिवस हवाय. तरीही हवाय."

भाऊ गडबडला. "अगं ताई, मग आधी कधी म्हणाली का नाहीस?"

"मला वाटलं, जिंकल्याशिवाय मागता येत नाही."

भाऊ आला. आल्या आल्या गोळ्यांचे वेळापत्रक पाहूनच त्याला घाम फुटला. रविवारी ताई सकाळी नऊ वाजता पायात बूट घालून बाहेर पडली आणि दिवे लागायच्या सुमारास परतली. कुठे गेली होती ते तिने बाबांच्या कानात सांगितले. मला ऐकू आले नाही. बाबा मात्र बराच वेळ हसत होते. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला आणि दार पुन्हा लागले. पण आता तो महिन्यातून एकदा येतो.

मित्रांनो, मी अजून त्याच टेबलाला आवळलेला आहे. माझ्या रबराला भेग पडली आहे, डावीकडचे एक बटण अडकते. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा, पकडी फार आवळू नका आणि चिडून आपटू नका. आम्ही कुणाची तक्रार करत नाही, म्हणजे आम्हाला काही होत नाही असे नव्हे. पण आणखी एक गोष्ट माझ्या भेगांपेक्षा मोठी आहे. तुम्ही वळवाल तिकडे मला वळावेच लागते. वाट द्यायची म्हटले तरी वळतो आणि वाट अडवायची म्हटले तरी वळतो. पडद्यावर शेजारून कोणी आला की त्या एका क्षणात मी 'नाही' म्हणू शकत नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागते.