धुरावर चाललेली कंपनी

ज्या दिवशी आमची कंपनी शेअर बाजारात आली, त्याच दिवशी माझ्या पोटातलं सगळं मेलं.

असो. तसं काही झालंच नाही. कंपनीच्या निवेदनात त्याचा उल्लेख नाही, आणि ते निवेदन माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीम ठेवतात तसला नव्हे. माझ्या आत शून्याखाली ऐंशी अंश असतं. एवढ्या थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. माणसं मात्र माझ्यासमोर उभी राहिली की मूर्खासारखी वागतात.

उमेदीची वर्षं मी एका रुग्णालयात काढली. ते बंद पडलं तेव्हा दोघा भावंडांनी मला भंगाराच्या भावात उचललं. पैसे त्यांच्या वडिलांच्या निवृत्तीचे. वडिलांनी मला वरखाली न्याहाळलं आणि विचारलं, "यात दूध राहील का?" पुढे आलेल्या एकाही गुंतवणूकदाराने इतका नेमका प्रश्न विचारला नाही.

ताई शास्त्रज्ञ. तिने मातीतून एक जंतू शोधला होता. तो जो रस सोडायचा, त्याने भाजलेल्या माणसाच्या जखमेवरची मेलेली कातडी न दुखता सुटून यायची. पण वाढवत नेलं की काही महिन्यांत त्या जंतूची रग जायची, रस पातळ व्हायचा. मग पुन्हा मूळ जंतू गोठवून ठेवलेल्या कुपीपासून सुरुवात. त्या मूळ कुप्या माझ्या पोटात होत्या. त्या गेल्या की औषध गेलं, इतका सरळ मामला. धाकट्या भावाला हा मामला कळत नव्हता, म्हणून तो कंपनीचा प्रमुख झाला.

वडिलांचे पैसे आटले तेव्हा सरकारी अनुदान मिळालं. समितीने अहवालात माझ्या गंजावर दोन परिच्छेद लिहिले आणि जंतूवर एक ओळ. तेही आटलं, तेव्हा देवदूत आला. हे माझं म्हणणं नाही. सुरुवातीलाच पैसे घालणाऱ्याला त्या धंद्यात देवदूत म्हणतात. पंख नव्हते. ड्रायव्हर होता. ताईने त्याला तासभर तक्ते दाखवले, त्याने तासभर जांभया दिल्या. शेवटी भावाने उगाच माझं दार उघडलं. आतून पांढरा धूर बाहेर आला. धूर कसला, हवेतली वाफ गोठते. पण देवदूत ताठ झाला.

"यात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"थंडी आहे," ताई म्हणाली.

त्याने तिथल्या तिथे सही केली.

तेव्हापासून आमच्याकडे 'धूर दाखवणे' हे खातंच सुरू झालं. फंडवाले आले, धूर बघून पैसे देऊन गेले; पैशाच्या अशा प्रत्येक खेपेला 'फेरी' म्हणतात. प्रत्येकाने जाताना मालकीचा एक तुकडा आणि संचालकांच्या टेबलाशी एक खुर्ची घेतली. दुधात पाणी घालत जावं तसा ताईचा हिस्सा पातळ होत गेला. शेवटी तिची खुर्ची प्रयोगशाळेतच उरली, तीही डुगडुगती.

"दार लाव रे," ती प्रत्येक वेळी म्हणायची. "आतलं तापतं. कुप्या मरतील एक दिवस."

"ताई, दोन मिनिटं. सगळ्यांचे पगार या धुरावर आहेत."

दुःख असं की ते खरं होतं.

"मग दुसरा फ्रीझर घे. निम्म्या कुप्या तिकडे ठेवते."

"पुढच्या फेरीत."

पुढच्या फेरीत काचेचे दरवाजे आले. त्याच्या पुढच्या फेरीत सल्लागार आला. त्याने काचेचे दरवाजे छान आहेत असा सल्ला दिला. मग एका मोठ्या औषध कंपनीने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचं कबूल केलं, आणि प्रत्येक टप्प्याला माझं दार उघडून टाळ्या वाजवायची रीत पडली. दुसऱ्या एका रुग्णालयात चाचण्या सुरू झाल्या. तिथे भाजलेली माणसं औषधाची वाट पाहत होती. त्यांना धूर दाखवावा लागला नाही.

माझं फार कौतुक झालं. निळा दिवा लावला, गंजावर रंग मारला. खालच्या मागच्या कोपऱ्यात मात्र हातभर बर्फ साचला. तो कोपरा फोटोत येत नव्हता, म्हणून कोणी खरवडला नाही.

मग बाजारात यायचा तो दिवस. ताई चाचण्यांसाठी रुग्णालयात गेलेली. इकडे धूर सतत यावा म्हणून माझ्या दारात खुर्ची अडकवली. मी भोंगा वाजवून बोंब मारली, तर भाषणात व्यत्यय नको म्हणून प्रसिद्धीवाल्या बाईंनी भोंग्याची वायर काढली. टाळ्या झाल्या. सगळे जेवायला गेले. खुर्ची दारातच राहिली.

ताई दुपार उलटल्यावर आली. तिने वरचा कप्पा ओढला. कुप्यांत पाणी डुचमळत होतं. रडू नका, मित्रांनो; तीही रडली नाही.

भाऊ मोबाइल नाचवत आला. "भाव चढतोय, ताई."

"आतलं तापमानही," ती म्हणाली.

त्याने आत पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मामला कळला.

ताईने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खालच्या मागच्या कोपऱ्यातला बर्फ फोडू लागली. बऱ्याच वेळाने आतून एक कुपी निघाली. दगडासारखी घट्ट. कोणी निगा राखली नव्हती, म्हणून वाचलेली.

"एकच?" भावाने विचारलं.

"एकच. उद्या यातून नव्या कुप्या करते. आता तरी दुसरा फ्रीझर घे."

"पुढच्या फेरीत."

बाजारात आल्यावर पुढची फेरी नसते, असा माझा समज होता. असते. तिचे गुंतवणूकदार बाहेर हात पुसत उभे होते. भावाने त्यांच्याकडे पाहिलं, मग कुपीकडे, आणि त्याचे डोळे चमकले.

"ताई, जगातली एकमेव कुपी. ही तर दाखवायलाच हवी."

ताईने कुपी परत बर्फात खोचली, खुर्ची लाथेने बाजूला सारली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ती अजून तिथेच उभी आहे. बाहेर फोटोवाला आलाय.

तरी माननीय संचालक मंडळ व समस्त भागधारक यांना विनंती करण्यात येते की, यापुढील सर्व गुंतवणूक अर्जदाराच्या बंद दाराकडे पाहून करण्यात यावी. धूर अत्यावश्यक असल्यास चहाच्या किटलीचा वापर करण्यात यावा. अर्जदाराचा भोंगा पूर्ववत जोडून मिळावा. आणि समारंभात दारात अडकवलेली खुर्ची, सध्या दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या बाईंना बसण्यासाठी तातडीने मंजूर करण्यात यावी.